बंद केलेला एआय सारांश परत परत का येतो आणि तो नेमका कुठून बंद करावा

लालबागमधील आमच्या अभ्यासिकेत वाचकांसाठी सहा संगणक आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे सर्वाधिक वेळा आलेली तक्रार एकच आहे: "ताई, शोधल्यावर वर येणारा तो एआयचा चौकोन काल तुम्ही बंद केला होता, आज तो पुन्हा आला आहे." ही तक्रार खरी होती, आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी बंद केले होते हेही खरे होते. चूक निदानात होती. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन वेगवेगळ्या गोष्टी तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहतात आणि एका ठिकाणचे बटण दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, हे कळायला मला तीन फेऱ्या लागल्या. इतर वाचनालये, शाळांच्या संगणक खोल्या आणि घरी आईवडिलांचा संगणक लावून देणारी मुले यांना तेवढ्या फेऱ्या घालाव्या लागू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या कामाकडे मी गांभीर्याने पाहू लागले त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीची रविवारी सकाळी ठाण्याला परीक्षा होती. आदल्या संध्याकाळी तिने अभ्यासिकेतील संगणकावर लोकल गाड्यांच्या मेगाब्लॉकची चौकशी केली. निकालांच्या वर राखाडी चौकटीत चार नीटस ओळी आल्या: ब्लॉक हार्बर मार्गावर आहे, मुख्य मार्गावरील वाहतूक सुरळीत राहील. ती निर्धास्त झाली. प्रत्यक्षात त्या रविवारी ब्लॉक मुख्य मार्गावरच होता, जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या होत्या, आणि ती दादरला जलद गाडीच्या फलाटावर बराच वेळ उभी राहिली. परीक्षा केंद्रात ती शेवटच्या क्षणी पोहोचली. सोमवारी मी तोच शोध पुन्हा करून पाहिला. चौकटीच्या कडेला बारीक अक्षरांत ज्या बातमीचा दुवा होता, ती आठ दिवसांपूर्वीची, म्हणजे मागच्या रविवारच्या ब्लॉकची होती. सारांशात तारीख नव्हती. दुवा उघडला असता तर पहिल्याच ओळीत तारीख दिसली असती.

तिने दुवा उघडला नाही याचा दोष मी तिला देत नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की एआय सारांश असलेल्या शोधांपैकी साधारण ८ टक्के वेळाच लोकांनी खालच्या एखाद्या निकालावर क्लिक केले, तर सारांश नसताना हे प्रमाण १५ टक्के होते. समोर तयार उत्तर दिसले की माणूस तिथेच थांबतो. म्हणून सार्वजनिक संगणकावर असा सारांश पहिल्यांदा दिसू नये, ज्याला हवा असेल त्याने तो मागून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले.

आधी निदान

बंद करायला घेण्यापूर्वी दिसणारी गोष्ट कुठून येते ते ठरवावे. यासाठी एक सोपी कसोटी आहे. तोच शोध, त्याच शोधयंत्रावर, दोन वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये करावा. दोन्हीकडे सारांश दिसला, तर तो शोधयंत्राच्या सर्व्हरवर तयार होऊन निकालाच्या पानाबरोबरच आलेला आहे, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कितीही शोधले तरी त्याचे बटण सापडणार नाही. याउलट, कोणतेही संकेतस्थळ उघडले तरी कडेला चॅटचे बटण, पानाचा गोषवारा देण्याची सूचना किंवा टॅबचे गट सुचवणारा संदेश येत असेल, तर ती वस्तू ब्राउझरची आहे. ब्राउझर बंद असतानाही टास्कबारवर मदतनीस दिसत असेल, तर तो ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग आहे आणि त्याचा या लेखाशी संबंध नाही. एखादे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सुविधा, हीही असा चौकोन आणू शकते, तेव्हा एक्स्टेन्शनांची यादी एकदा पाहून घ्यावी.

माझी पहिली चूक इथेच झाली. फायरफॉक्सच्या १४८व्या आवृत्तीत, म्हणजे फेब्रुवारी २०२६ मध्ये, सेटिंगमध्ये एआय कंट्रोल्स नावाचा स्वतंत्र विभाग आला आणि त्यात सर्व एआय सुविधा एकाच वेळी अडवणारे बटण दिले गेले. ते बटण मी सहाही संगणकांवर सुरू केले आणि काम झाले असे समजले. दुसऱ्या दिवशी सारांश जिथल्या तिथे होता, कारण ते बटण ब्राउझरमधील सुविधांसाठी आहे, एखाद्या संकेतस्थळाने स्वतःच्या पानावर काय दाखवावे यावर त्याची सत्ता नाही. विवाल्डी या ब्राउझरचे प्रमुख यॉन फॉन टेट्सनर यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या ब्राउझरमध्ये अशा सुविधा आणणार नाही असे जाहीर केले होते, आणि त्या भूमिकेबद्दल मला आदर आहे. तरीही विवाल्डीतून गूगलवर शोध घेतला तर सारांश दिसणारच. ब्राउझर बदलून पाहण्यात अनेकांचा वेळ जातो तो यामुळे.

शोधाच्या पानावरील सारांश

गूगलने एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर येणारा हा सारांश, ही सुविधा मे २०२४ मध्ये अमेरिकेत सर्वांसाठी सुरू केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती भारतात आली. ती पूर्णपणे बंद करण्याचे बटण गूगलने दिलेले नाही. सर्च लॅब्ससारख्या ठिकाणची बटणे प्रायोगिक सुविधांसाठी असतात, ती बंद करून हा सारांश जात नाही, आणि 'बंद करूनही परत आला' या तक्रारींचा मोठा भाग याच गैरसमजातून येतो. मात्र त्याच मे २०२४ मध्ये गूगलने निकालांच्या वरच्या पट्टीत 'वेब' नावाचा गाळक (फिल्टर) दिला. तो निवडला की फक्त दुव्यांची साधी यादी मिळते. पट्टीत तो दिसत नसेल तर 'अधिक' खाली असतो.

प्रत्येक वेळी तो गाळक निवडण्याची आठवण वाचकांना राहत नाही, म्हणून त्याला कायमचे करून ठेवावे लागते. याची रीत अशी आहे. रोमन लिपीतील एखादा छोटा शब्द गूगलवर शोधावा, वेब गाळक निवडावा आणि अ‍ॅड्रेस बारमधील पूर्ण पत्ता नीट पाहावा. मराठी शब्द शोधला तर पत्त्यात त्याच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि गोंधळ होतो, म्हणून रोमन शब्द घ्यायला सांगितले. त्या पत्त्यात क्यू या अक्षरापुढे तुमचा शब्द असेल आणि आणखी कुठेतरी यू, डी, एम ही तीन लहान अक्षरे, बरोबरचे चिन्ह आणि १४ हा आकडा असेल. हे दोन तुकडे ठेवून मधला बाकीचा पसारा काढून टाकावा, आणि शब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह व त्याला चिकटून लहान एस लिहावा. अक्षरे आणि आकडा अर्थातच इंग्रजी कळफलकावरून टाइप करायचे आहेत. हा तयार पत्ता क्रोममध्ये सेटिंगमधील सर्च इंजिनांच्या व्यवस्थापनात, आणि फायरफॉक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सेटिंगमधील सर्च विभागात, नवीन शोधयंत्र म्हणून जोडता येतो. जोडल्यावर त्याला डिफॉल्ट, म्हणजे आपोआप वापरले जाणारे शोधयंत्र, करणे विसरू नये. जोडले पण डिफॉल्ट केले नाही, असे मी स्वतः दोन संगणकांवर करून ठेवले होते.

यात एक तोटा आहे तो वाचकांना आधीच सांगावा. वेब गाळक लावल्यावर हवामान, नकाशा, क्रिकेटचा धावफलक असे तयार चौकोनही जातात. आमच्या अभ्यासिकेत पावसाळ्यात भरती-ओहोटीची वेळ पाहणारे बरेच जण असतात, त्यांना थेट त्या त्या संकेतस्थळावर जाण्याची सवय लावावी लागली. मला हा तोटा परवडणारा वाटतो.

शोधाच्या शब्दांपुढे उणे चिन्ह आणि एआय ही अक्षरे जोडली की सारांश येत नाही, अशी एक युक्ती बरेच जण सांगतात. ती अनेकदा चालते, परंतु ती मुळात तो शब्द असलेली पाने वगळण्याची आज्ञा आहे, त्यामुळे एआयविषयीचेच काही शोधत असाल तर नेमकी हवी ती पाने गळतील. कायमची व्यवस्था म्हणून तिच्यावर विसंबू नये.

डकडकगो आणि ब्रेव्ह सर्च या शोधयंत्रांनी मात्र बंद करण्याची सोय सरळ सेटिंगमध्ये दिली आहे. डकडकगोमध्ये सारांश किती वेळा दिसावा हे ठरवता येते आणि 'कधीच नाही' हा पर्यायही आहे. ब्रेव्ह सर्चमध्ये एआयने उत्तर देण्याचे बटण बंद करता येते. ब्रेव्ह ब्राउझरमधील लिओ हा मदतनीस वेगळा आहे, त्याला लपवण्याची सेटिंग ब्राउझरमध्ये आहे. एकाच नावाच्या ब्राउझरला आणि शोधयंत्राला दोन वेगवेगळी बटणे आहेत, यावरून मी वर जे निदान सांगितले त्याचे महत्त्व लक्षात यावे.

मग तो दुसऱ्या दिवशी का परततो

हा भाग सर्वांत त्रासदायक आहे आणि माझी दुसरी व तिसरी फेरी यातच गेली. शोधयंत्राच्या पानावर केलेली निवड बहुधा कुकीमध्ये, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत, साठवली जाते. आमच्याकडे रोज रात्री संगणक बंद करताना ब्राउझरमधील सर्व कुकी आणि इतिहास पुसला जातो, कारण वाचक आपली खाती उघडी टाकून जातात आणि त्यांच्या खासगीपणाची जबाबदारी आमच्यावर आहे. म्हणजे रात्री मीच माझी सेटिंग पुसत होते आणि सकाळी शोधयंत्राला दोष देत होते. खासगी खिडकीतही असेच होते. डकडकगो वापरणाऱ्यांसाठी यावर एक चांगला उपाय आहे: त्यांच्या पत्त्याच्या आधी नो आणि एआय ही रोमन अक्षरे जोडून एक टिंब दिले की त्यांचे एआयविरहित पान उघडते. ही निवड पत्त्यातच असल्याने कुकी पुसल्याने ती जात नाही. वर सांगितलेल्या वेब गाळकाच्या पत्त्यालाही हेच बळ आहे.

तरीही दोन संगणकांवर सारांश येतच राहिला. तिथे क्रोम गेस्ट मोडमध्ये, म्हणजे पाहुण्यासाठीच्या तात्पुरत्या खिडकीत, उघडण्याची सवय वाचकांना लागली होती. गेस्ट मोडमध्ये प्रोफाइलमधील शोधयंत्राची निवड येत नाही आणि तिथे केलेला बदल खिडकी बंद होताच नाहीसा होतो. हे त्या मोडचे कामच आहे, तो बिघाड नव्हे. शेवटी मी गेस्ट मोड सोडला, सर्व संगणकांवर फायरफॉक्सचे एक साधे प्रोफाइल ठेवले, त्यात वर सांगितलेले शोधयंत्र डिफॉल्ट केले आणि ब्राउझर बंद होताना इतिहास व कुकी आपोआप पुसण्याची सेटिंग सुरू केली. वाचकाच्या खुणा जातात आणि शोधयंत्राची निवड राहते. सामायिक संगणकासाठी ही रचना मला सर्वांत टिकाऊ वाटली. ती लावल्यापासून अभ्यासिकेच्या संगणकांवर चौकोन परतलेला नाही.

ब्राउझरमधील सुविधा

फायरफॉक्समध्ये एकच बटण दाबून सर्व अडवण्यापेक्षा यादी वाचून निर्णय घ्यावा, असे मी सुचवीन. त्या यादीत कडेचा चॅटबॉट, दुव्यांचे पूर्वदर्शन, टॅबचे गट, पीडीएफमधील चित्रांची मजकुरी वर्णने आणि भाषांतर अशा भिन्न जातीच्या गोष्टी आहेत. भाषांतर संगणकावरच होते, पानाचा मजकूर बाहेर जात नाही. आमच्याकडे जर्मन शिकणारे दोन वाचक आहेत. सरसकट अडवल्यावर त्यांचे भाषांतर बंद पडले आणि त्यांनी मला ते दाखवून दिले, तेव्हा मी भाषांतर तेवढे पुन्हा सुरू केले. सरसकट अडवण्याचे बटण सुरू असेल तर पुढे येणाऱ्या नव्या एआय सुविधाही अडवल्या जातात आणि अपडेटनंतर ही निवड टिकते, ही त्याची जमेची बाजू आहे. डिसेंबर २०२५ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या नव्या प्रमुखांनी फायरफॉक्स आधुनिक एआय ब्राउझर होईल असे म्हटल्यावर वापरकर्त्यांनी जी जोरदार नाराजी व्यक्त केली, तिच्या पाठोपाठ हे बटण आले. वापरकर्त्यांनी नेटाने मागितले तर मिळते, याचा मला आनंद आहे.

जुन्या आवृत्तीत हा विभाग नसतो. तिथे अबाउट कॉन्फिग हे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगचे पान उघडून 'ब्राउझर डॉट एमएल' असे रोमन अक्षरांत शोधावे आणि चॅट व दुवा-पूर्वदर्शन यांच्या नोंदी असत्य (फॉल्स) कराव्यात. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये कोपायलट या एआय मदतनिसाचे बटण सेटिंगमधून लपवता येते, परंतु तिथली मांडणी वारंवार बदलते, म्हणून सेटिंगच्या शोधपट्टीत कोपायलट लिहून जे जे समोर येईल ते तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

क्रोमच्या बाबतीत आणखी एक तक्रार येते आणि ती डिस्कच्या जागेची आहे. क्रोम जेमिनाय नॅनो हे भाषा-मॉडेल संगणकावर उतरवून ठेवू शकतो. वापरकर्त्याच्या डेटा फोल्डरमध्ये 'ऑप्ट गाइड ऑन डिव्हाइस मॉडेल' अशा नावाचे फोल्डर आणि त्यात वेट्स नावाची काही जीबींची फाइल दिसली, तर ती हीच. लोक ती फाइल पुसतात आणि काही दिवसांनी ती पुन्हा दिसते. त्याचे कारण क्रोमच्या स्वतःच्या नियमांत आहे. मॉडेल उतरवण्यासाठी डिस्कवर किमान २२ जीबी जागा मोकळी लागते आणि नंतर मोकळी जागा १० जीबींच्या खाली गेली तर क्रोम ते मॉडेल आपणहून काढून टाकतो. म्हणजे तुम्ही डिस्क साफ करून जागा केली की मॉडेल परत येण्याची अट पुरी होते. त्यासाठी ४ जीबींहून अधिक मेमरीचे ग्राफिक कार्ड किंवा १६ जीबी रॅम आणि चार कोअरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आमच्यासारख्या ठिकाणच्या जुन्या संगणकांवर हा प्रश्न सहसा येत नाही. नव्या लॅपटॉपवर येतो. शिवाय जोडणी अमर्याद असावी लागते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी विंडोजमध्ये ती जोडणी मीटर्ड, म्हणजे मर्यादित डेटाची, म्हणून नोंदवून ठेवावी.

फाइल पुसण्याऐवजी धोरण (पॉलिसी) लावावे, हा याचा खरा उपाय आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या नोंदवहीत, क्रोमच्या पॉलिसी विभागात 'जेन एआय लोकल फाउंडेशनल मॉडेल सेटिंग्ज' या नावाची नोंद करून तिची किंमत १ ठेवली की मॉडेल उतरवले जात नाही. नाव रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहायचे असते. त्यानंतर क्रोमचे पॉलिसी पान उघडून नोंद दिसते का ते पाहावे. धोरण लागताच क्रोममध्ये 'हा ब्राउझर संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो' अशा अर्थाची ओळ दिसू लागते. ती पाहून कुणीतरी संगणकाचा ताबा घेतला अशी भीती बाळगू नये, ती तुमच्याच नोंदीमुळे आलेली असते. रजिस्ट्री हाताळण्याची सवय नसेल तर जाणकाराला शेजारी बसवून हे करावे.

कॉमेट आणि चॅटजीपीटी अ‍ॅटलास यांसारखे, वापरकर्त्याच्या वतीने पानांवर क्रिया करणारे ब्राउझर आम्ही सामायिक संगणकांवर ठेवत नाही. ब्रेव्हच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये कॉमेटविषयी दाखवून दिले होते की पानात दडवलेला मजकूर अशा मदतनिसाला आज्ञा म्हणून पाळायला लावू शकतो. जिथे एखादा वाचक बँकेचे खाते उघडून परीक्षा शुल्क भरतो, तिथे ही जोखीम घेण्याचे कारण नाही. याच कारणाने बँकेचा किंवा कुरिअरचा ग्राहकसेवा क्रमांक कुठल्याही सारांशातून घेऊ नये, असा फलक मी प्रत्येक संगणकावर लावला आहे. क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, आणि फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे.

फोन राहून जातो

एवढे सर्व करून झाल्यावर तीच मुलगी एका शनिवारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, पुन्हा दिसला." संगणक तपासले, सर्व ठीक होते. तिने शोध फोनवर घेतला होता, आणि तोही ब्राउझरमधून नव्हे, होम स्क्रीनवरच्या शोधपट्टीतून. ती पट्टी वेगळ्या अ‍ॅपची असते आणि ब्राउझरमधील कोणतीही सेटिंग तिला लागू होत नाही. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये हाताने नवीन शोधयंत्र जोडण्याची सोयही संगणकासारखी नाही. म्हणून तिच्या फोनवर मी होम स्क्रीनवरची ती पट्टी काढून टाकली, फायरफॉक्स उतरवून त्यात वर सांगितलेला पत्ता शोधयंत्र म्हणून जोडला, आणि त्याचे चिन्ह पट्टीच्या जागी ठेवले. बाजूलाच मध्य रेल्वेच्या संकेतस्थळाची खूण ठेवली. मेगाब्लॉकचा मार्ग आणि वेळ ती आता शनिवारी रात्री तिथून पाहते, तारखेवर बोट ठेवून.